'सुधारणे' आणि 'बरे होणे' : 'एकच प्याला' ते 'गर्द'

एम. ए.च्या वर्गात राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक शिकविताना अध्यापकास जे प्रश्न अपेक्षित असतात ते बहुतांशी ठरलेले आहेत. सुधाकर शोकात्म नायक या पदवीस पात्र आहे काय; त्याचा अधःपात त्याच्या मानी स्वभावातून होतो की केवळ दारूमुळे; सिंधू ही हाडामांसाची स्त्री आहे की पातिव्रत्याची मूर्ती; तळीरामाचा विनोद नाटकाच्या गांभीर्यास पूरक ठरतो की मारक — या प्रश्नांभोवतीच या नाटकाची पुष्कळशी चर्चा फिरत आली आहे आणि प्रश्नपत्रिकाही त्यांच्याबाहेर क्वचितच जातात. दोन वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने यांपैकी कोठेच न बसणारी शंका विचारली. "सुधाकरला कोणी औषधपाण्यासाठी का नेले नाही?" वर्गात हशा पिकला. ती स्वतः हसली नाही, एवढे मात्र प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात राहिले.

तिला त्या वेळी दिलेले उत्तर ऐतिहासिक स्वरूपाचे होते. नाटक रंगभूमीवर आले ते १९१९ साली, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर अवघ्या काही आठवड्यांत. त्या काळी दारूच्या व्यसनावर औषध असे नव्हतेच. ज्याच्या अभावी मद्यप्याच्या मज्जासंस्थेस गंभीर इजा होते ते थायमिन हे जीवनसत्त्व शास्त्रज्ञांच्या हाती १९२६ साली आले. व्यसनमुक्तांनी एकमेकांस आधार द्यावा या तत्त्वावरील 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' ही चळवळ अमेरिकेत १९३५ साली सुरू झाली. घेतले असता मद्यप्राशन असह्य करणारे डायसल्फिरम डेन्मार्कमधील संशोधनातून १९४८ च्या सुमारास पुढे आले. तेव्हा सुधाकराला नेणार कोठे? हे उत्तर चूक नव्हते. परंतु घरी जाऊन नाटकाची संहिता पुन्हा चाळताना असे आढळले, की शंका जितकी भाबडी वाटली तितकी ती नव्हती. नाटकात डॉक्टर आहे. वैद्यही आहे. दोघेही रंगमंचावर येतात. मात्र ते सुधाकराकडे येत नाहीत, तळीरामाच्या मरणशय्येपाशी येतात, आणि येऊन आपापल्या शास्त्राच्या श्रेष्ठत्वावरून भांडतात. प्रेक्षक हसतो आणि रोगी मरतो. वैद्यकाचा प्रवेश या नाटकात प्रहसनाच्या दाराने होतो. मुख्य कथानकाच्या दाराशी त्यास कोणी बोलावलेलेच नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीस द्यावयाचे राहिलेले उत्तर होय.

प्रथम भाषेचा विचार करू. मराठीत व्यसन 'लागते' किंवा 'जडते'. तहान लागते, वेड लागते, रोग जडतो, तसेच हे. 'त्याला दारूचे व्यसन लागले' या वाक्यात 'त्याला' हे चतुर्थीचे रूप आहे. घडणारी गोष्ट त्याच्यावर येऊन आदळते, तो तिचा कर्ता नसतो. पण सोडण्याची वेळ आली की वाक्याची रचना पालटते. 'त्याने दारू सोडली' येथे तो एकदम कर्ता होतो. म्हणजे आपल्या भाषेच्या दृष्टीने व्यसनात सापडणे ही आपत्ती, तर त्यातून बाहेर पडणे हे कर्तृत्व. 'सुटली' असे अकर्मक क्रियापद आहे खरे, पण ते पुष्कळदा देवाच्या, गुरूच्या वा नवसाच्या संदर्भात येते. बाहेर पडलेल्या माणसाविषयी आपण 'बरा झाला' असे सहसा म्हणत नाही. 'सुधारला' असे म्हणतो. रोगी बरा होतो, गुन्हेगार सुधारतो. दारूड्यास आपण रोग्याप्रमाणे आजारी पाडतो आणि गुन्हेगाराप्रमाणे सुधारावयास सांगतो. 'एकच प्याला' या नाटकाची सारी भावनिक रचना या दोन क्रियापदांमधील फटीत उभी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कथानक वाचकांस ठाऊक आहे. तरी एका स्थळी थांबणे अवश्य आहे. हुशार व मानी वकील सुधाकर न्यायासनाचा अवमान केल्याबद्दल सनद गमावतो आणि त्या अपमानाचा विसर पडावा म्हणून आपला कारकून तळीराम याच्या हातून पहिला पेला घेतो. पुढील उतरण प्रत्येक मराठी रसिकास पाठ आहे. परंतु या उतरणीच्या मध्यावर एक सपाट जागा आहे. सुधाकर पश्चात्तापाने दारू सोडतो. केवळ सोडतो असे नव्हे, तर काम मिळविण्यासाठी ओळखीपाळखीच्या सभ्य गृहस्थांच्या पायऱ्या चढू लागतो. तेथे त्याची संभावना कशी होते? ज्याने दारू पिऊन अब्रू घालविली त्यास काम कोण देणार, या शब्दांत नव्हे तरी या अर्थाने त्यास जागोजागी झिडकारले जाते. ज्या अपमानाने पहिला पेला हाती दिला त्याच जातीचा अपमान दुसऱ्यांदा पेला हाती देतो. या वेळी तळीरामाची गरजही उरत नाही.

नाटकाच्या शीर्षकाने मराठी टीकेची येथे मोठीच दिशाभूल केली आहे. शीर्षक असे सुचविते की सर्वनाशाचे बीज पहिल्या पेल्यात आहे. तो घेतला नसता तर पुढचे काहीच घडते ना. गडकऱ्यांचे गुरू श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांनी 'मूकनायका'त मद्यपानाचा विषय हाताळला तेव्हापासून मद्यपाननिषेधक नाटकाची अपेक्षाच तशी बनली होती, आणि १९०८ साली पुण्यात दारूच्या दुकानांपुढे निरोधन झाले त्या वातावरणातून आलेल्या प्रेक्षकास ते तसे वाटणे स्वाभाविकच होते. परंतु कथानक दुसरेच काही सांगते. पहिल्या पेल्याइतकाच निर्णायक असा दुसरा क्षण त्यात आहे आणि तो दारू सोडल्यानंतर येतो. शीर्षक दारूबंदीची बाजू मांडते. कथानक मात्र दारू सुटलेल्या माणसाचे पुढे काय करावयाचे असे विचारते आणि त्याचे उत्तर न मिळाल्यामुळे शोकान्त होते. सुधाकराच्या तोंडी व्यसनाच्या टप्प्यांचे जे दीर्घ आणि गाजलेले विवेचन आहे, ते वक्तृत्वाचा नमुना म्हणून शिकविले जाते. वस्तुतः ते एका रोग्याने स्वतःच्या रोगाचे केलेले निदान आहे, आणि ते ऐकणाऱ्या रामलालापाशी सहानुभूती असली तरी उपाय नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. गडकऱ्यांस शोकात्म नाटक लिहावयाचे होते. त्यांनी सुधाकरास वाचविले असते तर नाटकच उरले नसते. आक्षेप रास्त आहे. परंतु गडकऱ्यांनी याच नाटकात एका मद्यप्यास वाचविले आहे, ही गोष्ट टीकाकारांच्या नजरेतून जवळजवळ सुटली आहे. तो मद्यपी म्हणजे भगीरथ.

भगीरथ प्रेमभंगाच्या दुःखाने दारूकडे वळलेला तरुण आहे. आर्यमदिरामंडळाच्या हास्यविनोदात तो काहीसा उपरा दिसतो. रामलाल त्याला गाठतो, त्याच्याशी बोलतो. उपदेशाचा भाग त्यात आहेच, पण उपदेशापेक्षा महत्त्वाचे म्हणजे रामलाल त्यास काम देतो. जनसेवेचे का होईना, पण रोजच्या रोज करावयाचे, इतरांच्या संगतीत करावयाचे असे काम. भगीरथ सावरतो आणि नाटकाच्या अखेरपर्यंत सावरलेलाच राहतो. पुढे शरदच्या निमित्ताने गुरुशिष्यांत जो पेच उत्पन्न होतो त्यामुळे या उपकथानकाकडे प्रेमकथा म्हणूनच पाहण्याची रीत पडली. नाटक लांब असल्याने प्रयोगासाठी काटछाट करताना कात्री प्रथम येथेच चालावी, यातही नवल नाही. परंतु उपकथानक हे मुख्य कथानकाचा आरसा असते हे नाट्यशास्त्रातील जुने तत्त्व येथे लावून पाहावे. एकाच नाटकात, एकाच समाजात, एकाच रामलालच्या परिचयाचे दोन मद्यपी आहेत. एकास सोबत व काम मिळते, दुसऱ्यास मिळत नाही. दोघांच्या शेवटातील अंतर नाटककाराने प्रेक्षकासमोर ठेवले आहे. ते मोजण्याचे काम आपण केलेले नाही.

ही तुलना ताणू नये, हेही येथेच सांगितले पाहिजे. भगीरथाचे व्यसन अल्पकाळाचे आहे. त्याच्यावर कोणी अवलंबून नाही. समाजाच्या दृष्टीने त्याने गमावण्याजोगे फारसे काही गमावलेले नाही. सुधाकराचे शरीरही एव्हाना दारूच्या स्वाधीन झालेले आहे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर काही तासांतच हातापायांस कंप सुटतो, पहिल्या एकदोन दिवसांत झटके येऊ शकतात आणि तिसऱ्याचौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रमिष्टावस्था येऊन क्वचित प्राणावरही बेतते, हे आज वैद्यकास चांगले माहीत आहे. गडकऱ्यांचा सुधाकर दारू सोडतो ती निव्वळ निश्चयाच्या बळावर, आणि शरीर त्या निश्चयास कोठेच आडवे येत नाही. नाटककाराने शरीर गाळले आणि समाज ठेवला. त्याच्या काळी उपलब्ध असलेल्या ज्ञानाचा विचार करता ही निवड समजण्यासारखी आहे, नव्हे, नाट्यदृष्ट्या ती लाभदायकच ठरली आहे; कारण त्यामुळे दोष कोणाचा या प्रश्नापासून प्रेक्षकाला पळवाट राहत नाही.

आता सिंधू. बालगंधर्वांनी ठिगळांचे लुगडे नेसून ही भूमिका केली आणि गणपतराव बोडसांच्या सुधाकरासमोर उभे राहून महाराष्ट्राला रडविले, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या रडण्याने सिंधूचे एक काम मात्र झाकून टाकले. भावाचा व माहेरचा आधार नाकारून, दळणकांडण करून, मूल सांभाळून ती जे करते त्यास आजच्या भाषेत रुग्णाची शुश्रूषा म्हणावे लागेल. नाटकातील रुग्णालय असे काही असेल तर ते सिंधूचे घर आहे आणि त्यात काम करणारी व्यक्ती एकच आहे. तिच्या श्रमास नाटक 'पातिव्रत्य' हे नाव देते, आणि नाव मिळाले की श्रम दिसेनासे होतात. शुश्रूषा करणाऱ्याचीही शुश्रूषा करावी लागते ही जाणीव या नाटकात कोणालाच नाही; पद्माकर तिला घरी नेऊ पाहतो, पण तिचे ओझे तेथेच ठेवून. अखेरीस सुधाकराच्या हातून मूल जाते, तीही जाते, आणि मरतानाही ती नवऱ्यालाच वाचवू पाहते. तळीरामाची बायको गीता नवऱ्याला तोंडावर बोलते म्हणून तिला विनोदी पात्रांत जमा केले गेले. दोन मद्यप्यांच्या दोन बायका : एकीस पूजा मिळाली, दुसरीस हशा. दोघींपैकी कोणासही कोणी मदत केली नाही.

'एकच प्याल्या'नंतर मराठी साहित्यात दारूडा पुष्कळदा आला. तो कधी खलनायक झाला, कधी विनोदाचा विषय, आणि पुढे चित्रपटातील झोकांड्या खाणारा बाप. पण बरा होणारा माणूस येण्यास सुमारे पासष्ट वर्षे लागली, आणि तो आला तो नाटकातून वा कादंबरीतून नव्हे, वृत्तलेखनातून. अनिल अवचट यांचे 'गर्द' हे पुस्तक १९८०नंतरच्या दशकात मुंबई-पुण्यातील तरुणांमध्ये पसरलेल्या ब्राऊन शुगरच्या व्यसनाविषयी आहे. हे लेखन वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी देणगी दिली आणि १९८६ साली पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याची घडी बसविली ती येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी. पुस्तकातून रुग्णालय उभे राहिल्याची उदाहरणे मराठीत अपवादात्मकच असावीत.

अवचटांच्या गद्याविषयी बोलताना 'साधे', 'बोलके' ही विशेषणे इतक्या सहजतेने वापरली जातात, की त्या साधेपणाने काय साधले आहे हे पाहावयाचे राहूनच जाते. गडकऱ्यांचा सुधाकर आपल्या व्यसनावर बोलतो तेव्हा अलंकारांची रांग लागते. तो आपल्या नाशाचा भाष्यकार होतो आणि श्रोता दिपून जातो. अवचटांचे व्यसनी असे बोलत नाहीत. पैसे कसे मिळविले, माल कोठे मिळाला, अंग कसे दुखू लागले, घरातील कोणती वस्तू विकली, हे ते क्रमाने सांगतात. शरीर, जे गडकऱ्यांनी गाळले होते, ते येथे परत येते. आणि शरीर परत आले की 'सुधारणे' हे क्रियापद आपोआप मागे हटते. अंग दुखणाऱ्या माणसास कोणी सुधारावयास सांगत नाही. त्यास बरे करावे लागते. अवचटांनी 'व्यसन हा आजार आहे' हे केवळ विधान म्हणून मांडले असते तर ते आरोग्यखात्याच्या भित्तिपत्रकासारखे विरून गेले असते. त्यांनी ते वाक्यरचनेतून मांडले, म्हणून ते टिकले.

त्यांच्या पुढच्या 'मुक्तांगणची गोष्ट' या पुस्तकाबाबत मात्र थोडी तक्रार नोंदवावीशी वाटते. संस्थेच्या संस्थापकाने सांगितलेली ही गोष्ट आहे, आणि तीत जिव्हाळा आहे तसाच जिव्हाळ्याचा स्वाभाविक तोटाही आहे. बरा होऊन परत भेटावयास येणारा माणूस गोष्टीत येतो. जो परत आलाच नाही, त्याची गोष्ट सांगणार कोण? पुन्हा व्यसनाकडे वळणे हा या आजाराचा नित्याचा भाग आहे. तो अपवाद नव्हे. त्या वळणाचे तपशीलवार, निर्विकार चित्रण मराठीत अद्याप 'एकच प्याल्या'तच अधिक समर्थपणे आढळते, असे म्हटल्यास अवचटांच्या चाहत्यांनी रागावू नये. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचली पाहिजेत ती यासाठीच. एकात सोडल्यानंतर माणूस कोसळतो कसा ते आहे. दुसऱ्यात सोडल्यानंतर त्याला धरून ठेवतात कसे ते आहे.

धरून ठेवण्याचे हे काम प्रत्यक्षात कसे चालते याकडेही वाङ्मयाच्या अभ्यासकाने पाहावयास हरकत नाही. मुक्तांगणात रुग्ण पस्तीस दिवस राहतो. परंतु संस्थेचा खरा भर त्यानंतर गावोगावी चालणाऱ्या पाठपुराव्याच्या बैठकांवर आहे, म्हणजे सुधाकर काम मागावयास बाहेर पडला त्या रस्त्यावर. रुग्णांच्या पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे. सिंधूला बसावयास जागा मिळण्यास नाटकानंतर सत्तर-एक वर्षे जावी लागली, असे या घटनेचे वाङ्मयीन भाषांतर करता येईल. तरीही चित्र फार आशादायक नाही. केंद्र सरकारच्या वतीने दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत असे दिसून आले, की दारूवर अवलंबून झालेल्या दर अडतीस व्यक्तींपैकी एकीसच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळाले होते. रुग्णालयात राहून उपचार मिळालेली व्यक्ती सुमारे एकशेऐंशीतून एक. ज्यांच्या घरात सिंधूही नाही, अशा एकट्या, बेघर वा मजुरीवर जगणाऱ्या माणसांचा या एकात वाटा किती असेल, याचा विचारच करावा.

गोव्यात 'संगत' या संस्थेच्या संशोधकांनी केलेला एक प्रयोग या संदर्भात उद्बोधक आहे. दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पण दारूवर पुरते अवलंबून न झालेल्या पुरुषांशी, डॉक्टर नसलेल्या परंतु प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी अधिकात अधिक चार बैठकी घेतल्या. २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तीन महिन्यांनी या गटातील ३६ टक्के पुरुषांचे पिणे धोक्याच्या मर्यादेखाली आले होते. नेहमीचीच सेवा मिळालेल्या गटात हे प्रमाण २६ टक्के होते. रामलाल आणि भगीरथ यांच्यातील संभाषणाची ही जणू शास्त्रीय परीक्षा. आणि तीत रामलाल बऱ्यापैकी उत्तीर्ण झाला. पण त्याच अभ्यासात पत्नीवरील हिंसाचाराबाबत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. नवरा थोडा सावरला तरी बायकोच्या वाट्याचे आपोआप कमी होत नाही. सिंधूचा प्रश्न सुधाकराच्या प्रश्नाचे शेपूट नसून स्वतंत्र प्रश्न आहे, हे नाट्यसमीक्षेने म्हणावयास हवे होते. ते आरोग्यशास्त्राच्या कोष्टकातून कळावे, यात आपल्या शास्त्राचा काही गौरव नाही.

दारूबंदीचा मुद्दा येथे ओझरताच घेतो. वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठविली गेली. तिच्या बाजूने व विरुद्ध बोलणारे दोन्ही पक्ष 'एकच प्याल्या'चा दाखला देताना ऐकिवात आहेत. दोघेही शीर्षकापाशीच थांबतात. गडचिरोलीत २०१६पासून चालू झालेल्या 'मुक्तिपथ' या उपक्रमात बंदीच्या जोडीला तालुक्याच्या ठिकाणी उपचारांची सोय आणि गावपातळीवरील संघटन ठेवण्यात आले, ही गोष्ट मात्र शीर्षकाच्या पलीकडे गेल्याची खूण मानता येईल.

त्या विद्यार्थिनीने नंतर सत्राच्या निबंधासाठी भगीरथ हा विषय घेतला. तिच्या निबंधात उणिवा होत्या; विशेषतः आर्यमदिरामंडळातील प्रवेशांची तिने केलेली छाननी घाईची होती. पण रामलाल भगीरथाशी बोलतो त्या प्रवेशाविषयी तिने असे लिहिले होते, की तेथे रामलाल प्रथम बराच वेळ ऐकतो आणि मग बोलतो. संहिता पुन्हा उघडून पाहिली तेव्हा हे निरीक्षण सर्वस्वी बरोबर नाही असे आढळले; रामलाल ऐकतो त्यापेक्षा बोलतोच अधिक. तरी तिने ते तसे का वाचले असावे, हे ध्यानात येऊन गुण कापण्याचे राहिले. भगीरथाची भूमिका निरनिराळ्या नाटकमंडळ्यांच्या प्रयोगप्रतींत किती राखली गेली आणि किती गाळली गेली, याचा शोध जुन्या प्रतींच्या आधारे घेता येण्यासारखा आहे. गीतेच्या प्रवेशांबाबतही तसेच. हे काम एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने हाती घ्यावे.